कंपनीचा फोन दुरून कसा सांभाळतात

समजा, बचत गटांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस नागपूरच्या धरमपेठेत आहे. तिची माणसं रोज दुचाकीवर उमरेड, पवनी, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यात फिरतात. त्यांतल्या एकाच्या खिशातल्या फोनमध्ये शे-दोनशे बायांच्या आधार कार्डांचे फोटो आहेत, पासबुकांची पहिली पानं आहेत, सह्या आहेत, घरांचे पत्ते आहेत आणि कुणाचा हप्ता थकलाय त्याची यादीही आहे. हा फोन एसटी स्टँडवर राहून गेला तर संस्थेचं दहा-बारा हजारांचं नुकसान होतं आणि ते भरूनही निघतं. आधारचे फोटो भलत्याच्या हाती लागले तर ते त्या बायांना भोवतं, आणि फोन हरवल्याचं त्यांना तर कुणी कळवतही नाही. कंपनीचे फोन दुरून सांभाळणं हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो या बायांमुळे.

या कामाच्या सॉफ्टवेअरला सगळे एमडीएम म्हणतात, म्हणजे मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट. वाडीच्या गोदामातलं बारकोड वाचणारं यंत्र असो, मिहानमधल्या एखाद्या इंजिनिअरचा आयफोन असो की औषध कंपनीच्या एमआरचा टॅब असो, पद्धत साधारण तीच. याबद्दल विचारणाऱ्या मालकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "फोन चोरीला गेला तर इथून उडवता येतो ना?" येतो, म्हणजे आतलं सगळं दुरून पुसता येतं. पण तो उडवता येईल की नाही हे चोरीच्या दिवशी ठरत नाही. फोन पहिल्यांदा चालू केला तेव्हाच्या दहा मिनिटांत ते ठरून गेलेलं असतं.

नियम आणि कमांड

एमडीएम फोनमध्ये चोरवाटेनं शिरत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींच्या सिस्टिममध्येच कंपनीच्या व्यवस्थापकासाठी जागा ठेवलेली आहे. अ‍ॅपलनं ती 2010 मध्ये आयओएस 4 सोबत दिली, गूगलनं त्याच वर्षी अँड्रॉइड 2.2 मध्ये. अँड्रॉइडची ती जुनी, 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' नावाची पद्धत आता मोडीत निघाली आहे आणि अँड्रॉइड एंटरप्राइझ नावाची नवी पद्धत चालते. कुणी अजूनही 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' चालू करायला सांगून एमडीएम विकत असेल तर तो जुना माल आहे, घेऊ नका.

ऑफिसातला माणूस ब्राउझरमध्ये कन्सोल, म्हणजे सगळे फोन सांभाळायचं पान, उघडतो आणि तिथून दोन प्रकारची कामं करतो. पहिलं काम नियम लावण्याचं, ज्याला पॉलिसी म्हणतात: स्क्रीन लॉक सहा आकडी हवा, अमुकच अ‍ॅप चालतील, मेमरी कार्ड चालणार नाही, दहा वेळा चुकीचा पिन टाकला तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल. फोन हे नियम एकदा उतरवून घेतो आणि मग स्वतःच पाळतो. नेट नसलं तरी पाळतो.

दुसरं काम कमांड देण्याचं: आत्ता लॉक हो, आत्ता पुसला जा, कुठे आहेस ते सांग. कन्सोलवर बटण दाबलं की सर्व्हर गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या पुश सेवेला निरोप देतो, ती सेवा फोनला जागं करते, फोन सर्व्हरला विचारतो की काय काम आहे, ते काम करतो आणि झालं म्हणून कळवतो. यातला एकही टप्पा नेटशिवाय होत नाही. फोन जंगलपट्ट्यात रेंजबाहेर असेल, बंद असेल किंवा चोरानं सिम काढून फेकलं असेल, तर कन्सोलवर 'पेंडिंग' एवढंच दिसत राहतं.

कमांड किती वेळ जिवंत राहते तेही विकत घेण्याआधी विचारून घ्यावं. गूगलच्या अँड्रॉइड मॅनेजमेंट एपीआयमध्ये, म्हणजे एमडीएम सॉफ्टवेअर ज्यातून फोनशी बोलतं त्या गूगलच्या सोयीत, वेगळी मुदत दिली नाही तर लॉकसारखी कमांड 10 मिनिटांत बाद होते. बरीच एमडीएम सॉफ्टवेअर याच एपीआयवर चालतात, आणि त्यांनी मुदत वाढवून ठेवली आहे की नाही हे वापरणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं.

म्हणून विदर्भात फिरणाऱ्या माणसांच्या फोनांसाठी माझा सगळा भर नियमांवर असतो. मजबूत पिन, चुकीच्या पिनची मर्यादा आणि मेमरी कार्डाला बंदी, एवढं पहिल्या दिवशी लागलं असेल तर रेंज नसलेल्या गावात हरवलेला फोनही स्वतःचं रक्षण करतो. आजच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्ट होऊनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असाच, साठतो. अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनांना ते बंधनकारक आहे. फोन पुसणं म्हणजे एकेक फाइल खोडत बसणं नव्हे, तो डेटा उलगडणारी किल्ली नष्ट करणं. ते चटकन होतं आणि मागे उरलेल्या आकड्यांचा कुणालाच उपयोग नसतो. मेमरी कार्ड मात्र याला अपवाद. ते साध्या पद्धतीनं वापरलं असेल तर काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की सगळे फोटो समोर. स्वस्त फोनमध्ये जागा पुरत नाही म्हणून पोरं स्वतःच्या पैशानं कार्ड टाकतात आणि कॅमेऱ्याचे फोटो तिकडे वळवतात. बंदी घालायचीच तर जास्त मेमरीचा फोनही द्यायला हवा.

फोन कुणाचा आहे?

पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं आहे.

फोन कंपनीचा असेल तर तो पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात घेता येतो. पण अँड्रॉइडमध्ये हा ताबा फक्त नव्याकोऱ्या किंवा रिसेट केलेल्या फोनवरच मिळतो. वापरात असलेल्या फोनवर नंतर अ‍ॅप टाकून तो मिळत नाही. गूगलनं हे मुद्दाम असं ठेवलंय, नाहीतर कुणीही कुणाच्या फोनचा मालक होऊन बसला असता.

प्रत्यक्षात हे असं होतं. नवा फोन चालू केला की स्वागताचा पडदा येतो, भाषा निवडायला सांगतो. तिथे भाषा निवडायची नाही. पडद्यावर रिकाम्या जागी, एकाच ठिकाणी, सहा वेळा टिचकी मारायची. कॅमेरा उघडतो. कन्सोलवरचा क्यूआर कोड त्याला दाखवायचा. फोन वायफायला जोडला जातो, कंपनीचं अ‍ॅप उतरवून घेतो, आणि 'हा फोन तुमच्या संस्थेचा आहे' अशा अर्थाची सूचना दाखवतो. नियम लागतात, कामाची अ‍ॅप आपोआप येऊन बसतात. घाईत कुणी 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे गेलं आणि स्वतःचं जीमेल टाकून फोन सुरू केला, की तो फोन पुन्हा रिसेट मारल्याशिवाय हाती येत नाही. तोवर त्यात कामाचा डेटा साचलेला असतो आणि मग रिसेट मारायला कुणी तयार होत नाही.

वीस-पंचवीस फोन असतील तर क्यूआरनं काम भागतं. त्याहून जास्त असतील तर झिरो-टच बघावं. यात विक्रेता प्रत्येक फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कंपनीच्या नावावर गूगलकडे नोंदवतो. फोन पहिल्यांदा नेटला जोडला की स्वतःच विचारतो, मी कुणाचा? आणि थेट कंपनीच्या ताब्यात जातो. मोठा फायदा पुढे आहे: चोरानं रिसेट मारला तरी चालू होताना तो पुन्हा तेच विचारतो आणि पुन्हा कंपनीचे नियम लागतात. अडचण एवढीच की हे अधिकृत झिरो-टच विक्रेत्याकडून घेतलेल्या फोनांनाच मिळतं. सीताबर्डीतल्या दुकानातून फोनमागे तीनशे रुपये सूट घेऊन उचललेल्या फोनांना ते आपोआप मिळत नाही, हे खरेदी करणाऱ्याला आधी सांगायला हवं. सॅमसंगकडे यासाठी नॉक्स मोबाईल एनरोलमेंट आहे, अ‍ॅपलकडे अ‍ॅपल बिझनेस मॅनेजर. दुकानातून घेतलेला आयफोनही अ‍ॅपल कॉन्फिगरेटर वापरून त्यात घालता येतो, पण पहिले 30 दिवस वापरणाऱ्याला तो त्यातून बाहेर काढण्याची मुभा असते.

गोदामात एकच अ‍ॅप चालवायचं असेल तर किऑस्क मोड लावतात. फोन चालू केला की माल मोजण्याचं अ‍ॅप, बाकी काही नाही. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते चांगलं चालतं.

खरा पेच आहे तो माणसाच्या स्वतःच्या फोनचा. नागपुरातल्या लहान कंपन्यांत हेच जास्त चालतं: फोन तुमचा, रिचार्जचे थोडे पैसे आमचे, काम आमचं. अशा फोनसाठी अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असतं. घरातली एक खोली भाड्यानं दिल्यासारखं आहे हे. कंपनी तुमच्या फोनमध्ये भाडेकरू, तिच्या खोलीचं कुलूप तिचं, पण बाकी घरात तिला पाय टाकता येत नाही. कामाच्या अ‍ॅपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. कामाचं मेल वेगळं, कामाचे संपर्क वेगळे. कामाच्या भागातला मजकूर कॉपी करून खासगी भागात चिकटवता येणार नाही, असं कंपनी ठरवू शकते. संध्याकाळी काम संपलं की तुम्ही एका बटणानं कामाचा सगळा भाग बंद करू शकता, मग रात्री दहाला ऑफिसचं मेल वाजत नाही. आणि कंपनीला पुसायचं झालं तर ती फक्त तेवढाच भाग पुसू शकते.

साहेबाला काय दिसतं

वर्क प्रोफाइल टाकायला सांगितलं की फील्डवरचा माणूस दबक्या आवाजात एक प्रश्न हमखास विचारतो: "सर, हे टाकलं का माहे फोटो ऑफिसात दिसन काय?"

नाही दिसत, भाऊ. स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल असेल तर कंपनीला फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा अपडेट कधीचा आहे, लॉक लावलंय की नाही आणि कामाच्या भागातली अ‍ॅप, एवढं दिसतं. खासगी फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस, तुम्ही कोणती खासगी अ‍ॅप टाकलीत ती यादी, यातलं काही दिसत नाही. अँड्रॉइड 12 पासून तर अशा फोनचा आयएमईआयही कंपनीला मिळत नाही.

फोन कंपनीचा आणि पूर्ण ताब्यातला असेल तर उत्तर बदलतं. तिथे सगळ्या अ‍ॅपची यादी दिसते, लोकेशन बघता येतं, फोन कोणत्या सर्व्हरशी जोडला जातो याची नोंदही कंपनी चालू करू शकते. ती चालू असली की फोनवर तशी सूचना येते. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या चॅटमधला मजकूर एमडीएमला तिथेही वाचता येत नाही. आयफोनवर लोकेशनचा नियम जास्त कडक आहे: कंपनीच्या सुपरवाइज्ड, म्हणजे पूर्ण ताब्यातल्या, आयफोनचं ठिकाण एमडीएमला 'लॉस्ट मोड' लावल्यावरच कळतं, आणि तेव्हा पडद्यावर तसा संदेश असतो.

हे सगळं कागदावर, मराठीत, एका पानात लिहून फोन देतानाच हाती द्यावं, असा माझा आग्रह आहे. काय दिसतं, काय दिसत नाही, लोकेशन किती ते किती वाजेपर्यंत बघतो. कामाची वेळ संपल्यावर माणूस कुठे गेला हे बघायचं कंपनीला काही कारण नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत कर्मचाऱ्याची माहितीही येते, आणि डेटाची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. ज्याला आपल्यावर पाळत आहे असं वाटतं तो दुसरा फोन वापरायला लागतो, आणि मग सगळी कागदपत्रं त्या दुसऱ्या फोनमध्ये जातात.

कागदपत्रांवरून आठवलं. ऑफिसच जर म्हणत असेल की "आधारचा फोटो ग्रुपवर टाक", तर कोणतंही एमडीएम काही करू शकणार नाही. तो फोटो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या खासगी गॅलरीत जाऊन बसला. फोटो कामाच्या अ‍ॅपमधूनच काढायचा आणि तिथूनच वर पाठवायचा, गॅलरीत काही उरता कामा नये. एमडीएम विकत घेण्याआधी ही सवय मोडा.

फोन हरवला की

इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि घाबरलेला माणूस नेमका उलटा क्रम लावतो. तो सगळ्यात आधी सिम बंद करतो. सिम बंद झालं की मोबाईल डेटा गेला, आणि पुसण्याची कमांड फोनपर्यंत पोचण्याचा मुख्य रस्ताच बंद झाला.

तर आधी ऑफिसला फोन, कुणाच्याही मोबाईलवरून, रात्र असली तरी. ऑफिसनं कन्सोलवरून लगेच लॉक करावा आणि ठिकाण बघावं. फोन चहाच्या टपरीवर राहिलाय असं कळलं तर पुसायची गरज नाही. अनोळखी जागी सरकताना दिसला तर थांबू नये, पुसावा. पुसल्यावर ठिकाण कळणं बंद होतं, हे मान्य करून. कमांड पोचल्याचं कन्सोलवर दिसलं की मग सिम बंद करायचं. याला एकच अपवाद: त्या सिमवर बँकेचे ओटीपी येत असतील तर वाट बघू नका, कारण चोर सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून ओटीपी घेऊ शकतो. सिमला पिन लावून ठेवला असेल तर ही धास्ती बरीच कमी होते, पण तो फारसं कुणी लावत नाही.

त्याच वेळी दुसऱ्या माणसानं त्या कर्मचाऱ्याचं मेल आणि कर्जाच्या अ‍ॅपमधलं खातं सगळीकडून साइन-आउट करावं. हे सर्व्हरवर होतं, त्यासाठी फोनला रेंज लागत नाही. फोन पेंडिंग असताना हाच सगळ्यात मोठा आधार. त्यानंतर पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत घेऊन संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करण्याचा अर्ज. ही सोय मे 2023 मध्ये देशभर सुरू झाली. आयएमईआय ब्लॉक झाला की तो फोन देशातल्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, म्हणजे तुमची कमांडही वायफायशिवाय पोचत नाही. म्हणून हे सगळ्यात शेवटी. प्रत्येक फोनचा आयएमईआय खरेदीच्या दिवशीच नोंदवून ठेवावा. हरवलेल्या फोनवर *#06# दाबून बघता येत नाही. ग्राहकांचा डेटा गेल्याचं दिसलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे 6 तासांत सर्ट-इनला कळवावं लागतं.

एक खास आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन तापून बंद पडतो. कन्सोलवर तो तासभर दिसला नाही एवढ्यावरून चोरी गृहीत धरू नका, आधी त्या माणसाला शोधा.

कन्सोलचं काय?

सगळे फोन एका जागेवरून पुसता येतात याचा अर्थ ती जागा हाती लागली तर चोरालाही ते जमतं. ऑगस्ट 2024 मध्ये सिंगापूरमध्ये हे झालं. शाळांच्या टॅब आणि लॅपटॉपसाठी वापरल्या जाणाऱ्या मोबाईल गार्डियन या एमडीएम कंपनीच्या सिस्टिममध्ये कुणीतरी शिरलं आणि 26 माध्यमिक शाळांतल्या सुमारे 13,000 विद्यार्थ्यांची डिव्हाइस दुरून पुसली गेली. परीक्षेच्या नोट्स गेल्या. तिथल्या शिक्षण मंत्रालयानं ते अ‍ॅप सगळ्या डिव्हाइसवरून काढून टाकलं.

उलटा प्रकार भारतात झालेला आहे. 2018 मध्ये सिस्कोच्या टॅलोस या सुरक्षा गटानं दाखवून दिलं की भारतातले 13 आयफोन कुणीतरी स्वतःच्या बनावट एमडीएमला जोडून घेतले होते आणि त्यांवर बदललेलं व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम टाकलं होतं. कुणी फोनवर बोलत बोलत 'हे प्रोफाइल इन्स्टॉल करा' म्हणालं, तर फोन ठेवून द्यावा आणि आपल्या ऑफिसच्या आयटीवाल्याला स्वतः लावून विचारावं.

कन्सोलच्या लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा टप्पा हवा, आणि सगळे फोन एकदम पुसण्याची परवानगी एक-दोन माणसांकडेच हवी. त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते मालकीच्या खात्यांकडे. गूगलकडे कंपनीची नोंदणी कोणत्या जीमेलनं केली? अ‍ॅपलचं पुश प्रमाणपत्र, ज्याशिवाय आयफोनला निरोप जात नाही, ते कोणत्या अ‍ॅपल आयडीवर काढलं? हे प्रमाणपत्र दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्याच अ‍ॅपल आयडीनं. ते आयटीवाल्याच्या खासगी आयडीवर असेल आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला असेल, तर सहसा नवं प्रमाणपत्र काढून कंपनीचा प्रत्येक आयफोन पुन्हा जोडावा लागतो. आजच कन्सोल उघडून ही दोन खाती कुणाच्या नावावर आहेत ते बघा, आणि प्रमाणपत्राची तारीख दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये टाका.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याचा स्वतःचा फोन असेल तर वर्क प्रोफाइल काढलं की झालं, घरच्या फोटोंना धक्का लागत नाही. कंपनीचा फोन परत घेताना मात्र तो समोर बसलेला असतानाच त्याचं जीमेल किंवा आयक्लाउड त्याच्याकडूनच काढून घ्यावं. नाहीतर रिसेट मारल्यावर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो माणूस तोवर फोन उचलत नसतो. झिरो-टच किंवा बिझनेस मॅनेजरमधले फोन असतील तर कन्सोलवरून यातून वाट निघते, दुकानातून उचलून साध्या पद्धतीनं सुरू केलेल्या फोनांना नाही. लोकेशनची जुनी नोंदही त्याच दिवशी पुसून टाकावी, ती आता कुणाच्याच कामाची नाही.